दोन खाटा, एकच सिस्टर

सिस्टर त्या बाईच्या पोटावर हात ठेवून घड्याळाकडे बघत उभ्या आहेत. हाताखाली पोट कडक होत जातं, काही वेळ तसंच राहतं, मग सैल पडतं. ‘‘चाळीस सेकंद. दहा मिनिटांत तिसरी कळ,’’ त्या स्वतःशीच म्हणतात आणि पॅडवरच्या कागदातले तीन चौकोन रेघा मारून भरतात.

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. ऑगस्ट महिना आहे, दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातलं हे प्राथमिक आरोग्य केंद्र. आजूबाजूला सातपुड्याचे डोंगर, आणि त्या डोंगरांवर पसरलेले पावरा आणि भिल्लांचे पाडे. इथे घराला घर लागून नसतं. प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. त्यामुळे ‘गावातून आणलं’ असं कोणी म्हणालं, तरी ते चढ-उतार आणि नाले किती पार करून आले, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

लेबर रूममध्ये दोन खाटा आहेत. पहिल्या खाटेवरची बाई दुसऱ्यांदा बाळंत होते आहे. पहिलं मूल घरीच झालं. मी आत थांबले तर चालेल का, हे सिस्टरांनी आधी तिला विचारलं, मग तिच्या सासूला. सासूने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि कोपरा दाखवला. मी त्या कोपऱ्यात उभी आहे.

सासू स्वतः सुईण आहे. पाड्यावरची कितीतरी मुलं तिच्या हातांवर जन्माला आली आहेत. पूर्वी अशा म्हाताऱ्यांना लेबर रूमच्या दाराबाहेर बसवत. आता तसं करत नाहीत. बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ तिचं एक माणूस असू द्यावं, असं केंद्र सरकारने २०१६ साली कळवलं आहे. सिस्टर मूळच्या भुसावळकडच्या, पण पावरीत बोलतात. व्याकरण चुकत असावं, कारण सासू मध्येच हसते आणि शब्द दुरुस्त करून देते. सिस्टर तो शब्द पुन्हा म्हणून बघतात. या दोघींत आज एक करार झालेला दिसतो. सून खाटेवर उताणी पडून राहणार नाही. कळ नसेल तेव्हा खोलीत चालेल, कळ आली की सासूच्या गळ्यात हात टाकून उकिडवी बसेल. घरी ती आढ्याला बांधलेली दोरी धरून बसली असती. बदल्यात सासूने कबूल केलंय की सिस्टर सांगेपर्यंत ‘जोर लाव’ म्हणायचं नाही.

सिस्टर डॉपलर लावतात. खोलीत बाळाचे ठोके ऐकू येऊ लागतात. ‘‘एकशे बेचाळीस,’’ सिस्टर म्हणतात आणि कागदावर ठिपका देतात.

हा कागद म्हणजे पार्टोग्राफ. बाळाचे ठोके आणि आईची नाडी दर अर्ध्या तासाने, पिशवीचं तोंड किती उघडलं ते चार तासांनी, बीपीही चार तासांनी. कागदावर आधीच दोन तिरप्या रेघा छापलेल्या असतात. पहिल्या रेघेचा हिशोब तासाला एक सेंटिमीटरचा. बाईचा आलेख त्या रेघेच्या डावीकडे चढत राहिला तर बाळंतपण बरं चाललंय. उजवीकडे सरकला तर सावध व्हायचं, आणि दुसऱ्या रेघेला टेकायच्या आत तिला मोठ्या दवाखान्यात पोचवायचं. बाई अडली आहे हे पूर्वी दीड दिवसाने, ती थकून निपचित झाली की कळायचं. कागदावर ते काही तासांत दिसतं. अर्थात कागद भरायला माणूस हवं, आणि त्या माणसाला दर अर्ध्या तासाला या खाटेपाशी यायला सवड हवी.

नऊ वाजता तपासलं तेव्हा तोंड सहा सेंटिमीटर उघडलं होतं. ‘‘एकच्या आसपास होईल,’’ सिस्टर म्हणतात.

केंद्रात आज रात्री कोण कोण आहे ते सांगते. सिस्टर एक. मावशी एक, ज्या झाडलोटीपासून बाळंतिणीला धरण्यापर्यंत सगळं करतात. बाईला घेऊन आलेली आशा स्वयंसेविका, आशाताई. डॉक्टर नाहीत. संध्याकाळी साप चावलेला एक मुलगा आणला होता. त्याला इथेच विषावरचा उतारा सुरू केला, पण त्याचा श्वास अडायला लागला. तेव्हा डॉक्टर स्वतः अंबू बॅग दाबत केंद्राच्या अॅम्ब्युलन्समधून त्याच्याबरोबर नंदुरबारला गेले. दुसऱ्या डॉक्टरची जागा मंजूर आहे, भरलेली नाही. तिसऱ्या नर्सचीही तशीच.

साडेदहाला वीज जाते. इन्व्हर्टरवर लेबर रूमचा एक दिवा राहतो. सिस्टर पहिल्यांदा जातात ते फ्रिजकडे. लशींचा फ्रिज त्या उघडत नाहीत, नुसता बाहेरून तापमानाचा आकडा बघून येतात. मग मला सांगतात, ऑक्सिटोसिनही दोन ते आठ अंशांतच ठेवावं लागतं. उन्हाळ्यात टेबलावर पडून राहिलेलं ऑक्सिटोसिन दिसायला तसंच दिसतं, पण त्याचा जोर गेलेला असतो. बाळंतिणीचं रक्त थांबेना झालं की मग कळतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी बाहेर जीपचा आवाज येतो. पाठोपाठ माणसांचा.

चार जण एक झोळी घेऊन व्हरांड्यात येतात. जाड बांबूला गोधडी बांधून केलेली झोळी. तीत एक मुलगी आहे. मुलगीच म्हणायची, एकोणीस वर्षांची. तोंडाला फेस, डोळे अर्धे उघडे, पाय सुजून टम्म. पाड्यापासून रस्त्यापर्यंत ती झोळीतून आली, रस्त्यापासून इथवर जीपमध्ये. माणसं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली आहेत. तिची आई काहीतरी भराभर सांगते आहे. आशाताई मला मराठीत सांगतात: आठवा महिना आहे, दोन दिवस डोकं दुखत होतं, संध्याकाळी डोळ्यापुढे अंधारी आली, वाटेत दोनदा झटके आले.

‘‘खाटेवर घ्या. डाव्या कुशीवर. डावी कूस!’’

सिस्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढतो. मुलगी खाटेवर जाते न जाते तोच तिसरा झटका येतो. आधी चेहऱ्याचे स्नायू ओढले जातात, मग सगळं अंग ताठ होतं, मग हातपाय आपटू लागतात. तिचा नवरा तिच्या दातांत चमचा घालायला धावतो. सिस्टर त्याचा हात धरून मागे सारतात. काही घालायचं नाही, धरूनही ठेवायचं नाही; पडू मात्र द्यायचं नाही. मावशी खाटेच्या कडेला पोट टेकवून उभ्या राहतात. झटका थांबतो. सिस्टर सक्शनची नळी गालातून आत सारून लाळ ओढतात आणि तोंडावर ऑक्सिजन लावतात. आशाताईंनी तोवर बीपीचा पट्टा बांधलेला आहे.

‘‘एकशे ऐंशी, एकशे वीस.’’

खोलीत क्षणभर कोणी बोलत नाही. लघवीची नळी घातली जाते, आलेल्या चार थेंबांत पट्टी बुडवली जाते. पट्टी गडद हिरवी होते. अल्ब्युमिन तीन अधिक.

ही एक्लॅम्पसिया. गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबाने आलेले झटके. रक्तस्रावाच्या बरोबरीने जगभर बाळंतिणींचे जीव घेणाऱ्या कारणांत रक्तदाबाचे हे विकार मोडतात. मुलीच्या आईने कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं माता बाल संरक्षण कार्ड काढलंय. मी ते दिव्याखाली धरते. पाचव्या महिन्यातली एक नोंद: बीपी ११०/७०, लघवीत काही नाही. त्यानंतरचे रकाने रिकामे. पावसाने नाला भरला, आणि त्यांच्या उपकेंद्राला सध्या आरोग्य सेविका नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात कोणी दंडाला पट्टा बांधला असता आणि लघवीत एक पट्टी बुडवली असती, तर ही मुलगी आज या अवस्थेत इथे आली नसती, असं मला वाटतं. ‘कदाचित’ हा शब्द मी मुद्दाम घालत नाही. या आजाराची चाहूल लागते ती याच दोन तपासण्यांनी. त्यांना लाखांची यंत्रं लागत नाहीत. नेमाने दारी येणारी सेविका लागते.

सिस्टरांनी कपाटातला लाल खुणेचा ट्रे काढलाय. त्यात मॅग्नेशियम सल्फेटच्या लहान कुप्या आहेत. इथे सगळे त्याला मॅगसल्फ म्हणतात. एका कुपीत दोन मिलिलिटर, म्हणजे एक ग्रॅम. डोस दहा ग्रॅम. म्हणजे दहा कुप्या. त्या एकेक कुपीची मान मोडतात, औषध सिरिंजमध्ये ओढतात, पुढची घेतात. पाच कुप्यांची एक सिरिंज, पाचांची दुसरी. दुखू नये म्हणून दोन्हींत थोडं लिग्नोकेन. हात घाई करत नाहीत. मावशी मोबाइलचा टॉर्च धरून उभ्या आहेत आणि मोठ्याने मोजताहेत: सात... आठ... नऊ... दहा. ते मोजणं सिस्टरांनीच लावून दिलंय. रिकाम्या कुप्या ट्रेमध्ये ओळीने ठेवायच्या, म्हणजे नंतर शंका राहत नाही.

पहिलं इंजेक्शन एका कुल्ल्यात, खोल स्नायूत. दुसरं दुसऱ्या. वेळ बारा पंचवीस. मुलगी आल्यापासून पंधरा मिनिटांत.

हे इंजेक्शन सिस्टरांनी कोणालाही न विचारता दिलं. यात त्यांनी नियम मोडलेला नाही. नियमानेच तो अधिकार त्यांना दिलाय. २००५ च्या सुमारास केंद्र सरकारने नर्स आणि एएनएम, म्हणजे आरोग्य सेविका, यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जीव वाचवणारी काही औषधं, त्यांत बाळंतपणानंतरचं ऑक्सिटोसिन आणि झटक्यांवरचा मॅगसल्फचा पहिला डोस, डॉक्टरची वाट न बघता त्यांनी द्यावीत, असं त्यांत आहे. त्यासाठीचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षणही आलं. त्याआधी हे सगळं डॉक्टरच्या सहीवर अडायचं, आणि डोंगरात डॉक्टरची सही मिळेपर्यंत झटके थांबायचे. पुष्कळदा बाईचा श्वासही. या औषधाबद्दल शंका घ्यायलाही आता जागा नाही. तेहतीस देशांतल्या दहा हजारांहून अधिक गरोदर बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. वाढलेल्या रक्तदाबाच्या बायकांना मॅगसल्फ दिलं तर झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे त्यातून सिद्ध झालं. औषध स्वस्त आहे, टिकाऊ आहे, फ्रिजही मागत नाही.

‘‘ताई, इकडे या,’’ सिस्टर आशाताईंना म्हणतात. ‘‘हिच्या छातीकडे बघत राहायचं. एका मिनिटात किती श्वास घेते ते मोजायचं. सोळाच्या खाली आले तर मला हाक मारायची. मी काहीही करत असले तरी.’’

मॅगसल्फ जास्त झालं तर श्वास मंदावतो. त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, भरलेल्या सिरिंजसकट उशाशी ठेवला जातो. सिस्टर गुडघ्याखाली टिचकी मारून पाय उडतो का ते बघतात. उडतो. मग त्या व्हरांड्याच्या टोकाला धावतात. तिथे एका खांबापाशीच मोबाइलला रेंज येते. पहिला फोन १०८ ला. धडगावची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, परत येता येता इकडे वळवतो म्हणतात. दुसरा फोन डॉक्टरांना. ते अजून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयातच आहेत. साप चावलेला मुलगा व्हेंटिलेटरवर आहे. सिस्टर एका दमात सांगतात: वय, महिने, झटके तीन, बीपी, लघवी, दिलेला डोस, दिल्याची वेळ. पलीकडून ऐकलेलं त्या मोठ्याने परत म्हणतात: ‘‘लॅबेटालॉल वीस मिलिग्रॅम, शिरेतून, सावकाश. दहा मिनिटांनी बीपी. बरोबर सर?’’ तोंडी आलेली ऑर्डर परत म्हणून दाखवायची, ही नर्सिंगमधली जुनी शिस्त. पावसाच्या आवाजात ‘वीस’चं काय ऐकू येईल याचा भरवसा नसतो.

त्या आत येतात तेव्हा पहिल्या खाटेवरून सासूची हाक येते. तिने सिस्टरांना एकच शब्द सांगितला. मला तो कळला नाही, पण सिस्टर थबकल्या. पाणमोट फुटली आहे.

आता जे मी बघते आहे, ते या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. खोलीत दोन बायका आहेत. एकीला औषध शिरेतून द्यायचंय, तेही दोन मिनिटं लावून, कारण झपाट्याने दिलं तर रक्तदाब एकदम कोसळेल आणि पोटातल्या बाळाचं रक्त तुटेल. दुसरीचं बाळ निघालंय. दोन्ही खाटांमध्ये चार पावलांचं अंतर आहे. आणि सिस्टर एक आहेत.

त्या क्षणभर दोन्हीकडे बघतात. मग हातमोजे बदलता बदलता सासूला पावरीत काही सांगतात. सासू मान हलवते. नंतर आशाताईंकडून मला कळलं, त्या म्हणाल्या होत्या, ‘‘जोर लावू देऊ नको. फुंकर मारायला लाव. डोकं दिसलं तर हात लावू नको, मला सांग.’’

सासू सुनेसमोर बसते, तिचे दोन्ही गाल हातात घेते आणि स्वतः फुंकर मारू लागते. सून तिच्या तोंडाकडे बघत तशीच फुंकर मारते. इकडे सिस्टर दुसऱ्या खाटेपाशी वाकून इंजेक्शनचा दट्ट्या अगदी हळू सारताहेत, नजर घड्याळाच्या काट्यावर. एक मिनिट. दीड मिनिट. सून किंचाळते. सिस्टर मान वर करत नाहीत. दोन मिनिटं. सुई निघते. ‘‘श्वास?’’ ‘‘अठरा,’’ आशाताई म्हणतात.

आणि त्या चार पावलं चालून येतात.

एक वाजून पाच मिनिटांनी मुलगी होते. डोकं बाहेर येताना सिस्टरांचा एक तळवा त्यावर आहे, डोकं झपकन सुटू नये म्हणून. मग खांदा, मग सगळं अंग. बाळ थेट आईच्या पोटावर, कोरड्या कापडात. सिस्टर त्याची पाठ पुसतात आणि ते रडतं. चांगलं खणखणीत रडतं. पोटात दुसरं बाळ नाही ना, हे हाताने चाचपून मावशींनी पुढे केलेलं ऑक्सिटोसिन, दहा युनिट, मांडीत. तेही पहिल्या मिनिटाच्या आत. नाळ लगेच कापत नाहीत. तिचे ठोके थांबेपर्यंत वाट बघतात, म्हणजे वारेतलं रक्त बाळाला मिळतं. ज्या भागात बायकांमध्ये रक्त कमी असणं हा नेम आहे आणि सिकलसेलही घरोघरी आहे, तिथे त्या एक-दोन मिनिटांना फार किंमत आहे. सासू हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघते आहे. तिच्या रीतीतही वार पडल्याशिवाय नाळ कापत नसत. ती सिस्टरांकडे बघून मान डोलावते.

वार पडते. सिस्टर ती ताटात पसरून पूर्ण आहे का ते बघतात, पोटावरून गर्भाशय चोळतात आणि सासूचा हात धरून तिथे ठेवतात. गोळा घट्ट राहायला हवा. मऊ लागला की हाक मार. सासूला हे शिकवावं लागत नाही. तिचा हात आधीच बरोबर जागी गेलाय.

बाळाचं वजन दोन किलो सातशे.

सिस्टर पुन्हा दुसऱ्या खाटेकडे. बीपी एकशे पन्नास, शंभर. झटका परत आलेला नाही. पोटातल्या बाळाचे ठोके एकशे सोळा, हळू पण आहेत. मुलीची आई जमिनीवर बसून लेकीचे पाय चोळते आहे. बाहेर व्हरांड्यात झोळी आणणारे चौघे भिंतीला टेकून बसलेत. मावशी त्यांना काळा चहा देतात. नवरा चहा घेत नाही.

१०८ सव्वादोनला येते. चांदसैली घाटात दरड आली आहे, त्यामुळे तळोद्याचा रस्ता बंद. म्हसावदवरून शहाद्याला, तिथून प्रकाशावरून नंदुरबारला जावं लागेल. लांबचा फेरा आहे, पण इलाज नाही. १०८ मध्ये डॉक्टर असतात हे महाराष्ट्रातल्या या सेवेचं मोठं बळ आहे. २०१४ साली ती सुरू झाली तेव्हापासून या डोंगरातल्या किती जणांना तिने खाली पोचवलं असेल. तरुण डॉक्टर उतरतात, डोक्यावरचं पाणी निथळतं आहे. सिस्टर त्यांना सगळं सांगतात आणि रेफरची चिठ्ठी देतात. तेवढ्याने त्यांचं समाधान होत नाही. चिकटपट्टीचा रुंद तुकडा फाडून त्यावर पेनाने लिहितात: ‘मॅगसल्फ १० ग्रॅम, १२.२५’, आणि ती पट्टी मुलीच्या मनगटावर चिकटवतात. चिठ्ठी हरवते, भिजते, नातेवाइकांच्या खिशात राहते. पुढच्या दवाखान्यात कोणी हा डोस वेळेआधी परत देऊ नये. हे त्यांना कोणी शिकवलं नसणार. हे एकेका रात्रीतून आलेलं शहाणपण आहे.

गाडी जाते. सिस्टर खुर्चीत बसतात. लगेच उठतात. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास धोक्याचे, दर पंधरा मिनिटांनी बघायचं असतं. त्या पोट चाचपतात, रक्त किती गेलं बघतात, नाडी मोजतात. बाळाला छातीशी लावून देतात. ते आपलं आपण चोखू लागतं.

मग रजिस्टर. बाळंतपणाचं रजिस्टर, रेफरचं रजिस्टर, औषधांच्या साठ्याचं रजिस्टर. मॅगसल्फच्या दहा कुप्या वजा, शिल्लक किती ते लिहून त्याखाली सही. शिल्लक एका रुग्णापुरती नाही. उद्या मागणी पाठवायची म्हणून तळहातावर पेनाने खूण करतात. वीज आली की हेच सगळं पोर्टलवर भरायचं आहे. मी विचारते, दोघी एकाच वेळी आल्या तर नेहमी असंच होतं का?

‘‘आज आशाताई होत्या. आणि ती म्हातारी होती,’’ त्या म्हणतात. ‘‘नेहमी कोणी असतंच असं नाही.’’

‘‘आणि नसलं तर?’’

त्या लिहीत राहतात. थोड्या वेळाने म्हणतात, ‘‘मग एकीला सांगावं लागतं, थांब.’’

सिस्टर कंत्राटी आहेत. करार दरवर्षी नव्याने होतो. उद्या त्यांची रजा होती. दुसऱ्या सिस्टर स्वतःच आजारी असल्याने ती रद्द झाली. मानकं काय सांगत होती तेही लिहून ठेवायला हवं. प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी २०१२ साली जी राष्ट्रीय मानकं ठरली, त्यांत कमी बाळंतपणं होणाऱ्या केंद्रालाही किमान तीन नर्स आवश्यक धरल्या होत्या. दिवसाच्या पाळ्या तीन. म्हणजे तिन्ही जागा भरल्या तरी एका पाळीला एकच, आणि तीही कोणी आजारी पडायचं नाही, कोणी साप्ताहिक सुटी घ्यायची नाही, या बोलीवर. एक जागा रिकामी राहिली की उरलेल्या दोघी बारा-बारा तास करतात. इथे तेच चाललंय. रात्री दुसरी नर्स असण्याची सोय त्या हिशोबात मुळातच धरलेली नव्हती.

राज्याचे आकडे चांगले आहेत, हे मान्य करायलाच हवं. २०१८-२० या काळात देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. या यशात या सिस्टरसारख्या हजारो जणींचे हात आहेत. पण राज्याच्या सरासरीत पुणं-मुंबई आणि धडगाव एकत्र मिसळतात. डोंगरातली बाई त्या सरासरीत जगत नाही. ती चार पावलांच्या अंतरात जगते किंवा मरते.

साडेपाचला उजाडू लागतं. पाऊस मंदावलाय. सासू सुनेला मावशींनी आणलेली पेज भरवते आहे. आशाताई बाळाला बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ-बीची लस कधी द्यायची ते सिस्टरांकडून विचारून घेतात. चोवीस तासांच्या आत सगळं. घरी गेल्यावर त्या स्वतः तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला जातील. वजन, ताप, श्वास, दूध. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीच्या पाड्यांवर घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना शिकवून ती उभी केली. १९९९ साली तिचे निष्कर्ष जगापुढे आले आणि पुढे ती देशभरातल्या आशांच्या कामात आली. शिकवलं, साधनं दिली आणि विश्वास टाकला तर गावातली बाई काय करू शकते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. रात्री इथेही तो दिसला.

सात वाजता व्हरांड्याच्या खांबापाशी फोन वाजतो. डॉक्टर बोलताहेत. मुलगी पोचली, शस्त्रक्रिया झाली, ती अतिदक्षता विभागात आहे, पुन्हा झटका आलेला नाही. मुलगा झालाय, एक किलो सातशे ग्रॅमचा, नवजात कक्षात आहे. साप चावलेला मुलगाही आहे. सिस्टर ‘‘बरं सर, बरं सर,’’ एवढंच म्हणतात. आत येऊन मावशींना सांगतात. मावशी हात जोडून भिंतीवरच्या याहामोगी देवीच्या कॅलेंडरकडे बघतात. सिस्टर मॅगसल्फच्या मागणीचा कागद लिहायला घेतात.

त्यांची पाळी आठला संपते. पुढच्या पाळीला येणाऱ्या सिस्टर आजारी आहेत. म्हणजे पुढची पाळीही यांचीच.

वाचकहो, ही सिस्टर देवता आहे असं लिहून मी तिचे पाय धरू शकते, आणि त्याने काहीही बदलणार नाही. १२ मे या परिचारिका दिनाला आपण तेच करतो. तिला हार नको, दुसरी नर्स हवी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला ग्रामसभा असते, मतदारसंघाला आमदार असतो. तुम्ही शहरात असाल तर तुमच्या मूळ गावाला हे सगळं आहे. तिथे जाऊन एक प्रश्न विचारा: आमच्या केंद्रात रात्री किती नर्स असतात? उत्तर ‘एक’ आलं तर दुसरी मागा. आणि तोंडी मागू नका, लेखी मागा.